तोंड, घसा आणि मानेच्या कॅन्सरचे निदान का लांबते, आणि ते वेळेत कसे करून घ्यावे

तोंडातली जखम, बसलेला आवाज किंवा मानेतली गाठ घेऊन माणूस पहिल्यांदा दवाखान्यात जातो, त्या दिवसापासून तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट हातात पडेपर्यंत अनेकदा महिने उलटतात. यातला बराच काळ कोणा एकाच्या ढळढळीत निष्काळजीपणामुळे जात नाही. डॉक्टर बदलला किंवा औषध बदलले की दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. फॅमिली डॉक्टरकडे गेलेले पंधरा दिवस, दाताच्या दवाखान्यात गेलेले तीन आठवडे आणि गावाहून आणलेल्या काढ्यावर गेलेला महिना यांची बेरीज कोणीच करत नाही. प्रत्येक नव्या डॉक्टरच्या दृष्टीने रुग्ण आजच आलेला असतो. ही बेरीज रुग्णाने किंवा घरातल्या एका जबाबदार माणसाने करायची आहे. खालचे सगळे टप्पे त्या एकाच मोजणीवर बेतलेले आहेत.

निदान डॉक्टरच करतील. कोणत्या क्रमाने काय घडायला हवे, कोणत्या जागी गाडी हमखास अडते आणि तिथे काय विचारायचे, एवढेच इथे मांडले आहे.

तातडीची सूचना: श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल, स्वतःची लाळही गिळता येत नसेल किंवा तोंडातून अथवा मानेच्या जखमेतून रक्त थांबत नसेल, तर पुढचे कोणतेही टप्पे पाहू नयेत. १०८ क्रमांकावर फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.

## टप्पा १: पहिली तारीख ठरवून लिहून ठेवणे

मोजणीची सुरुवात डॉक्टरकडे गेल्याच्या दिवसापासून होत नाही, तक्रार पहिल्यांदा जाणवली त्या दिवसापासून होते. नेमका दिवस आठवत नसेल, तर घरातल्या एखाद्या प्रसंगाचा आधार घ्यावा: तिखट झोंबायला लागले ते संक्रांतीच्या आधी की नंतर, आवाज बसला तो मुलीच्या परीक्षेच्या वेळी की सुट्टीत. ठरलेली तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावी आणि पुढे कोणीही विचारले तरी तीच सांगावी.

त्याच पानावर तीन गोष्टी असाव्यात. पहिली, आजवर घेतलेली औषधे, प्रत्येक किती दिवस घेतले आणि त्याने काय फरक पडला. दुसरी, जखमेचे फोटो. मोबाइलचा दिवा लावून, शक्यतो त्याच कोनातून, आठवड्यातून एकदा काढलेले. बोलताना "थोडी वाढली आहे" असे सांगण्यापेक्षा दोन तारखांचे दोन फोटो डॉक्टरांना बरेच अधिक सांगतात. तिसरी, सवयींची खरी यादी. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला आपल्याकडे "नाही" असे उत्तर देणाऱ्या कितीतरी बायका रोज सकाळी मशेरी लावत असतात, आणि दिवसातून दहा वेळा कच्ची सुपारी चघळणाऱ्याला आपले उत्तर खोटे आहे असे वाटतसुद्धा नाही. त्यामुळे मशेरी, चुना-तंबाखूचा बार, मावा, गुटखा, सुपारी, विडी, सिगारेट आणि दारू यांची नावे वेगवेगळी लिहून प्रत्येकासमोर किती वर्षे हे नोंदवावे. सोडून दिलेली सवयही लिहावी.

चूक: "यांना कसलेच व्यसन नाही, मग कॅन्सर कसा असेल?" असे घरच्यांनीच डॉक्टरांना सांगून टाकणे. जिभेच्या कडेचा कॅन्सर तंबाखू न खाणाऱ्यांनाही होतो. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या काही कॅन्सरचे कारण एचपीव्ही हा विषाणू असतो. सवय असेल तर संशय वाढतो, नसेल तर तो मिटत नाही.

## टप्पा २: कोणत्या तक्रारी तीन आठवड्यांच्या नियमात येतात

पुढीलपैकी कोणतीही तक्रार तीन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ती कशामुळे आहे हे शोधल्याशिवाय सोडू नये:

- तोंडातली न भरणारी जखम, दुखत असो वा नसो.
- न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावा.
- बाकीचे दात घट्ट असताना एकाच जागी हलू लागलेला दात, किंवा दात काढल्यावर न भरलेला खड्डा.
- बसलेला आवाज, गिळताना एकाच जागी अडकल्यासारखे वाटणे, वारंवार ठसका लागणे.
- मानेतली किंवा जबड्याखालची गाठ, विशेषतः टणक आणि न दुखणारी.
- एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे किंवा तीच बाजू कायम बंद राहणे.

यादी पाठ करण्याची गरज नाही. "एकाच बाजूला" हे दोन शब्द लक्षात ठेवले तरी बरेच साधते. सर्दी, आम्लपित्त किंवा जीवनसत्त्वाची कमतरता सहसा डावे-उजवे करत नाही. घशाच्या एकाच बाजूला महिनाभर टोचत असेल, तर त्याला आम्लपित्त म्हणताना डॉक्टरांनीही थबकायला हवे.

कानाचे दुखणे हा यातला सर्वांत फसवा प्रकार आहे. जिभेचे मूळ, टॉन्सिल आणि स्वरयंत्राच्या आसपासच्या भागांची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या शाखा कानालाही जातात. त्यामुळे आजार घशात असतो आणि ठणका कानात लागतो. कानात पाहिले तर पडदा स्वच्छ दिसतो, थेंब लिहून दिले जातात आणि रुग्ण घरी जातो. कान दुखतो पण कान निरोगी आहे, असे दिसल्यास घसा दुर्बिणीने पाहिला पाहिजे. त्याचप्रमाणे मोठ्या माणसाच्या एकाच कानात दडा बसून पडद्यामागे पाणी साठले असेल, तर नाकाच्या मागचा भागही दुर्बिणीने पाहून घ्यावा.

## टप्पा ३: घरी नीट पाहणे

हात धुवावेत, कवळी काढून ठेवावी, आरशासमोर चांगला दिवा घ्यावा. ओठ उलटून पाहावेत. मग गाल बोटाने बाहेर ओढून खालची हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच पूर्ण पाहावी, कारण तंबाखूचा बार बहुतेकांचा तिथेच बसतो. त्यानंतर जिभेचे टोक स्वच्छ रुमालात धरून जीभ आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढावी आणि तिच्या कडा अगदी मागपर्यंत पाहाव्यात. जीभ टाळूला लावून तिच्याखालची जागा पाहावी. शेवटच्या दाढेच्या मागची जागा आणि टाळू उरतात, तेही पाहावेत. नुसते पाहून थांबू नये. बोट फिरवून कुठे टणक लागते का हे चाचपावे, कारण मऊ जखमेपेक्षा कडक कडा असलेली जखम अधिक संशयास्पद असते. शेवटी मानेच्या दोन्ही बाजू कानाखालपासून गळपट्टीच्या हाडापर्यंत चाचपाव्यात.

तोंड किती उघडते हेही पाहावे. स्वतःची मधली तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. सुपारी खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू आखडत जाते आणि तिखट सोसेनासे होते. हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. शिवाय तोंड उघडतच नसल्याने मागची जागा कोणालाच दिसत नाही.

पडताळणी: आरशात काही दिसले नाही याचा अर्थ तोंडापुरताच आहे. स्वरयंत्र, अन्ननलिकेचे तोंड, जिभेचे मूळ आणि नाकाची मागची बाजू घरी दिसत नाही.

## टप्पा ४: पहिल्या डॉक्टरकडे एक उपचार, एक मुदत

तोंड आले म्हणून येणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर नसतो आणि फॅमिली डॉक्टरांनी आधी साधा उपचार करून पाहणे योग्यच असते. बिघडते ते मुदत न ठरवल्यामुळे. म्हणून केबिनमधून उठण्यापूर्वी विचारावे: "डॉक्टर, हे कशामुळे असावे? किती दिवसांत पूर्ण बरे व्हायला हवे? नाही झाले तर पुढची तपासणी कोणती?" उत्तरे केसपेपरवर लिहून मागावीत. टोचणारा दात किंवा सैल कवळी हे कारण वाटत असेल, तर दाताची टोचणारी कड दंतवैद्याकडून घासून घ्यावी, कवळी वापरणे थांबवावे आणि दोन आठवडे थांबावे. त्यानंतरही जखम असेल तर कारण दुसरे आहे असे धरून तुकडा तपासावा. मानेच्या गाठीला ताप, लाली, ठणका अशी संसर्गाची लक्षणे असतील तर प्रतिजैविकाचा एकच कोर्स घेऊन दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावे. लक्षणे नसतील, तर तो कोर्ससुद्धा वेळ घालवणारा असतो.

या टप्प्यावर ज्या चुका पुन्हा पुन्हा होतात, त्या सविस्तर पाहणे गरजेचे आहे.

बरे वाटणे आणि बरे होणे यांची गल्लत. तोंडात लावायच्या स्टेरॉइडच्या मलमाने किंवा बधिर करणाऱ्या जेलने सूज आणि जळजळ कमी होते, रुग्ण "पन्नास टक्के फरक आहे" असे सांगतो आणि मुदत आणखी पंधरा दिवस वाढते. उपचार लागू पडला की नाही हे जखमेच्या आकारावरून ठरवावे, वेदनेवरून ठरवू नये. इथे फोटो उपयोगी पडतात.

संशयास्पद जागेचा दात उपटणे. हिरडीतल्या कॅन्सरमुळे दात हलतो, तो काढला जातो, खड्डा भरत नाही, मग खड्ड्याला औषध भरले जाते. दात काढल्याने कॅन्सरला जबड्याच्या हाडाकडे वाटही मोकळी होते. दात हलत असलेल्या जागी हिरडी फुगलेली, खडबडीत किंवा जखमी असेल, तर दात काढण्यापूर्वी एक्स-रे आणि त्या हिरडीचा तुकडा यांविषयी स्पष्टपणे विचारावे.

पुराव्याशिवाय टीबीची औषधे. आपल्या भागात मानेत टीबीच्या गाठी खूप दिसतात, त्यामुळे हा संशय आधी येणे स्वाभाविक आहे. मात्र टीबीचा कोर्स किमान सहा महिन्यांचा असतो, आणि अंदाजाने सुरू केलेला हा कोर्स कॅन्सरच्या रुग्णाचे सहा महिने गिळून टाकू शकतो. गाठीतून सुईने घेतलेल्या नमुन्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि सीबीनॅट (टीबीचे जंतू ओळखणारी चाचणी) या दोन्ही गोष्टी आधी व्हाव्यात. टीबी सिद्ध झाला असेल तर औषधे अर्धवट सोडू नयेत. पण औषधे चालू असताना गाठ वाढत असेल किंवा टणक होत असेल, तर पुन्हा नमुना घेण्याचा आग्रह धरावा.

आवाजाला आम्लपित्ताच्या गोळ्या. तीन-चार आठवडे आवाज बसलेला असताना स्वरयंत्र न पाहता गोळ्या बदलत राहणे याला समर्थन नाही. स्वरयंत्र पाहण्याची बारीक दुर्बीण बाह्यरुग्ण विभागातच, भूल न देता, काही मिनिटांत वापरता येते.

## टप्पा ५: योग्य माणसाकडे पोहोचणे

जखम तोंडात दिसत असेल तर मुखशल्यचिकित्सक, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा डोके-मान कॅन्सर शल्यचिकित्सक यांपैकी कोणीही तुकडा घेऊ शकतो. आवाज, गिळणे, कान, नाक किंवा मानेतली गाठ ही तक्रार असेल, तर दुर्बीण असलेल्या कान-नाक-घसा विभागातच जावे.

ठाणेकरांसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईकरांसाठी वाशीचे महापालिका रुग्णालय, आणि तोंडाच्या जखमांसाठी नेरूळ, खारघर व कामोठे येथील दंत महाविद्यालये ही आवाक्यातली ठिकाणे आहेत. दंत महाविद्यालयांचा विचार लोक कवळी आणि रूट कॅनालपुरताच करतात, हे नवल आहे. तोंडाचे आजार ओळखण्याचा आणि तुकडे तपासण्याचा स्वतंत्र विभाग तिथे असतो. कॅन्सर जवळजवळ उघडच दिसत असेल, तर परळचे टाटा रुग्णालय किंवा त्याच संस्थेचे खारघरचे ॲक्ट्रेक थेट गाठता येते. ठाण्याहून पनवेलकडे जाणारी लोकल खारघरला थांबते, परळला मध्य रेल्वेने जाता येते. औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांनी कर्मचारी राज्य विमा योजनेची संदर्भ चिठ्ठी आधीच मागून ठेवावी, कारण ती नसल्यामुळे परत फिरावे लागते.

इथे एक गैरसमज वेळ खातो: "टाटाला फाइल निघाल्याशिवाय काहीच करायचे नाही." पुढच्या तारखेची वाट पाहत जखम तशीच ठेवण्यापेक्षा जवळच्या चांगल्या रुग्णालयात तुकडा घेतलेला बरा. मात्र तो कसा घेतला जातो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

## टप्पा ६: तुकडा घेणे

सुई लावली किंवा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती निराधार आहे आणि ती घेऊन घरी बसलेले लोक सर्वांत जास्त नुकसान करून घेतात. तुकड्याशिवाय निदान होत नाही. ब्रशने घासून काढलेल्या पेशी किंवा रंग लावून केलेली तपासणी "ठीक" आली म्हणून संशयास्पद जखमेचा तुकडा टाळू नये.

क्रम असा असावा. आधी जखमेचे मोजमाप, फोटो आणि आकृतीसह नोंद. मोठी जखम असेल आणि स्कॅन दोन-चार दिवसांत होणार असेल, तर स्कॅन आधी करावा, कारण तुकड्यानंतरची सूज चित्रात आजारासारखीच दिसू शकते. स्कॅनला उशीर होणार असेल तर त्यासाठी तुकडा अडवू नये. त्यानंतर जखमेच्या कडेवरून, पुरेशा खोलीचा छोटा तुकडा घ्यावा. मधला भाग अनेकदा सडलेला असतो आणि तिथून घेतलेल्या तुकड्यात फक्त मेलेल्या पेशी येतात.

सावधान: "छोटीच आहे, पूर्ण काढून टाकतो" असे कोणी म्हणाले, तर कॅन्सरचा संशय असताना त्याला होकार देऊ नये. निदानाआधी पूर्ण जखम काढली की तिची मूळ हद्द नाहीशी होते, आणि नंतर कॅन्सर निघाल्यास किती काढायचे हे शल्यचिकित्सकाला वणावरून ताडावे लागते.

तुकडा घेण्यापूर्वी रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेह, हृदयविकार आणि बधिर करण्याच्या इंजेक्शनची ॲलर्जी सांगावी. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. स्वरयंत्राचा किंवा घशाच्या खोल भागाचा तुकडा अनेकदा पूर्ण भूल देऊन घ्यावा लागतो. तिथे भुलेची तारीख, रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाचा आलेख यांत दिवस जातात, म्हणून या तपासण्या तारीख मिळाल्याच्या दिवशीच करून घ्याव्यात.

पडताळणी: तुकडा फॉर्मेलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत आहे ना, बाटलीवर रुग्णाचे नाव आहे ना आणि फॉर्मवर जागा व बाजू लिहिली आहे ना, हे नातेवाइकाने डोळ्यांनी पाहावे. बाटली प्रयोगशाळेत स्वतः नेऊन द्यायची असेल, तर पोचपावती घ्यावी. नुसते "तोंडातील जखम" असे लिहून पाठवलेल्या नमुन्याचा रिपोर्टही तितकाच मोघम येतो.

## टप्पा ७: मानेची गाठ असेल तर वेगळा क्रम

मोठ्या माणसाच्या मानेत कायम राहिलेली टणक गाठ ही बहुधा दुसरीकडच्या आजाराची पाहुणी असते. म्हणून आधी तोंड, घसा, स्वरयंत्र, नाकाची मागची बाजू, थायरॉइड आणि डोक्याची त्वचा तपासावी. मग सोनोग्राफी आणि सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी.

गाठ थेट कापून काढणे ही शेवटची पायरी आहे, पण प्रत्यक्षात ती कितीदा तरी पहिली होते. छोट्या नर्सिंग होममध्ये अर्ध्या तासात गाठ निघते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि आठवड्याने रिपोर्टमध्ये कॅन्सर निघतो. तोवर मूळ जागा शोधलेली नसते आणि मानेवर अशा जागी चीर पडलेली असते, जिच्यामुळे पुढची मोठी शस्त्रक्रिया अवघड होते. सुईने उत्तर मिळाले नाही तर सोनोग्राफीत पाहून पुन्हा सुई, मग जाड सुईचा नमुना, आणि तेही पुरेसे न ठरल्यास गाठ काढणे, असा क्रम मागावा. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, संशयात गाठ काढावी लागू शकते. तो निर्णय मूळ जागा पाहून झाल्यावर घ्यावा.

"नमुना अपुरा" हा रिपोर्ट नकारात्मक नसतो. ती तपासणी झालेलीच नाही, असे समजून ती पुन्हा करावी. चाळिशीनंतर मानेत नव्याने आलेली पाण्याची गाठ जन्मजात म्हणून सोडून देऊ नये. टॉन्सिलच्या किंवा थायरॉइडच्या कॅन्सरची पसरलेली गाठही अशीच पाण्याने भरलेली असू शकते, आणि सुईत नुसते पाणी आल्यामुळे ती निसटते.

## टप्पा ८: स्कॅन

कोणता स्कॅन हे डॉक्टर ठरवतील. गाल, हिरडी आणि जबड्यासाठी सहसा सीटी, जिभेसाठी सहसा एमआरआय अधिक उपयोगी पडतो. रंगद्रव्याचे इंजेक्शन द्यायचे असल्यामुळे क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत असावा; तो नाही म्हणून त्या दिवशी परत पाठवले जाणे नेहमीचे आहे. गालाचा आजार असेल तर गाल फुगवून सीटी घेता येतो, त्यामुळे गाल आणि हिरडी चित्रात वेगळी दिसतात. तंत्रज्ञाला तसे आधी विचारावे. छापील फिल्मबरोबर सीडी अवश्य घ्यावी, नाहीतर दुसऱ्या रुग्णालयात तोच स्कॅन पुन्हा करावा लागतो.

पेट स्कॅन सगळ्यांना लागत नाही. तुकड्याची जागाही तो घेत नाही. टीबीच्या आणि संसर्गाच्या गाठीही त्यात उजळ दिसतात.

## टप्पा ९: रिपोर्टची वाट पाहताना

तुकड्याच्या रिपोर्टला साधारण आठवडा लागतो, हाडाचा भाग किंवा विशेष चाचण्या असल्यास अधिक. हे दिवस कागदांसाठी वापरावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आधार आणि रेशनकार्ड लागते; दोन्हींवरच्या नावात फरक असेल तर तो आताच दुरुस्त करायला टाकावा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधीच भेटून कोणती कागदपत्रे लागतील हे लिहून घ्यावे. पूर्वमंजुरी तुकड्याच्या रिपोर्टशिवाय पुढे सरकत नाही, त्यामुळे "आधी पैशांची सोय, मग तुकडा" हा क्रम उलटा आहे.

आणि गणपती, लग्नसराई, मे महिन्यातले गावी जाणे यांसाठी तारखा पुढे ढकलू नयेत. गौरी जेवून निघू म्हणता म्हणता पितृपक्ष लागतो आणि मग नवरात्र होऊ दे असे ठरते. निर्णय घेणारा मोठा भाऊ किंवा मुलगा गावाहून यायचा असेल, तर त्याची वाट रिपोर्ट आल्यावर पाहावी. तपासण्या त्याच्यासाठी थांबवू नयेत.

## टप्पा १०: रिपोर्ट हातात आल्यावर

नाव, वय, जागा आणि बाजू आधी पाहावी. उजव्या गालाच्या जखमेच्या रिपोर्टवर डावा गाल लिहिलेला असेल, तर तो त्याच दिवशी लेखी दुरुस्त करून घ्यावा. रिपोर्टबरोबर स्लाइड (तपासलेल्या काचपट्ट्या) आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा आणि त्यांची पावती जपावी. टाटासारख्या संस्थांत बाहेरच्या स्लाइड पुन्हा पाहिल्या जातात. ब्लॉक नसेल तर नवा तुकडा घेण्याची वेळ येऊ शकते. घशाच्या मधल्या भागाचा, म्हणजे टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर असेल, तर पी१६ चाचणी (कॅन्सरमागे एचपीव्ही आहे का याचा अंदाज देणारी) झाली आहे का हे विचारावे.

कॅन्सर निश्चित झाल्यावर रिपोर्ट घेऊन एकट्या डॉक्टरकडून दुसऱ्या एकट्या डॉक्टरकडे फिरण्यापेक्षा, जिथे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार करणारे एकत्र बसून निर्णय देतात अशा एका ठिकाणी नाव नोंदवावे. दुसरे मत घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे, पण पहिल्या ठिकाणची तारीख रद्द न करता.

## टप्पा ११: रिपोर्टमध्ये कॅन्सर नसेल तेव्हा

निदान सर्वांत सहज निसटते ते इथे. तुकड्याचा रिपोर्ट फक्त त्या तुकड्याबद्दल बोलतो, पूर्ण जखमेबद्दल नाही. "तीव्र दाह", "मेलेल्या पेशी", "वरचा थरच मिळाला" किंवा "खालचा भाग नमुन्यात नाही" अशा अर्थाचे शब्द असतील आणि जखम कडक, वाढती किंवा तीन आठवड्यांहून जुनी असेल, तर पुन्हा तुकडा घ्यावा. फुलकोबीसारख्या दिसणाऱ्या काही चामखिळीच्या आजारांत पहिल्या वरवरच्या तुकड्यात कॅन्सर दिसतच नाही. खोल तुकडा लागतो. डॉक्टरांना सरळ विचारावे: "जखम पाहून तुम्हाला जे वाटते, त्याच्याशी हा रिपोर्ट जुळतो का?" उत्तर "नाही" असेल, तर रिपोर्टवर विसंबून चालत नाही.

रिपोर्टमध्ये डिस्प्लेजिया असा शब्द असेल, तर कॅन्सर झालेला नाही पण पेशी बदलू लागल्या आहेत. सौम्य, मध्यम की तीव्र हे पाहून चट्टा काढायचा की लक्ष ठेवायचे हे ठरते. तंबाखू, सुपारी आणि मशेरी त्याच दिवसापासून बंद करावी. लक्ष ठेवायचे ठरले, तर पुढची तारीख केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नये, वहीतल्या पहिल्या तारखेखाली ती उतरवावी आणि दरम्यान चट्ट्यात लाली, जाडी, कडकपणा किंवा रक्त दिसल्यास त्या तारखेची वाट न पाहता तुकडा पुन्हा तपासून घ्यावा.